माजघरांतून : जुनी मोटार आणि नवा धनी

नवी वस्तु घरांत आली कीं आपण शेजारीं पेढे वांटतों. जुनी आणली तर ती मागील दारानें हळूच आंत घेतों. वास्तविक जुन्या वाड्याचा, जुन्या दागिन्यांचा, आजेसासूबाईंच्या जुन्या पैठणीचा आपणांस केवढा अभिमान असतो! परंतु तें जुनेंपण आपल्याच घरचें असावें लागतें. दुसऱ्याच्या घरचें जुनें पैसे मोजून आणावयाचें म्हटलें कीं पांढरपेशा मनास उगीचच कमीपणा वाटतो. गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं जुनी मोटार आली. ती कशी आली आणि तिच्या पायीं घरांत कोणता प्रश्न उभा राहिला, तें या वेळीं वाचक भगिनींना सांगावें असें मनांत आहे. असा प्रसंग पुष्कळ घरीं येत असेल. आणि त्यांत फसण्याच्या जागा दोन असतात. एक मोटारींत असते, दुसरी आपल्या मनांत.

आमचें घर दापोली तालुक्याच्या किनारपट्टीवर. पुढें समुद्र, मागें डोंगर, आणि मध्यें नारळ-पोफळींचें आगर. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, त्याच्या तडाख्यांत आमचा तालुकाहि सांपडला. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या पोफळींपैकीं निम्म्याहून अधिक एका दुपारांत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून फळ धरावयास पांच ते सात वर्षें लागतात. म्हणजे वादळ एका दिवसाचें, पण त्याचें देणें अनेक वर्षें फेडावयाचें. पुढच्या पावसाळ्यांत लावलेल्या रोपांपैकीं कांहींना यंदा कोठें पहिलीं फळें दिसूं लागलीं आहेत. घरांत नवी मोटार कां आली नाहीं, याचें उत्तर एवढ्यांत आलें.

मोटार मुळांत कां हवी, याचें उत्तर मात्र निराळें आहे. गेल्या श्रावणांत एके रात्रीं दोनच्या सुमारास आत्याबाईंच्या छातींत कळ आली. आत्याबाई म्हणजे मामंजींच्या धाकट्या भगिनी. ऐन तारुण्यांत कपाळ फुटून त्या माहेरीं परत आल्या, आणि या घरांतलें प्रत्येक मूल त्यांच्या मांडीवर वाढलें. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज गेलेली, फोन लागत नव्हता. आमच्याकडील 'हे' विजेरी घेऊन पलीकडच्या वाडींतील रिक्षावाल्यास उठवावयास गेले. तो भला माणूस होता त्याच पावलीं निघाला. पण रिक्षा दारांत येईपर्यंत सव्वा तास गेला. दापोलीपर्यंत आत्याबाईंचा हात माझ्या हातांत होता, आणि प्रत्येक वळणावर मी त्यांची नाडी चांचपून पाहत होतें. त्या वांचल्या. डॉक्टर एवढेंच म्हणाले, "पुढच्या वेळीं इतका उशीर करूं नका." पुढच्या वेळीं! तो शब्द बरोबर घेऊन आम्ही घरीं आलों.

मामंजींनीं दुसऱ्याच आठवड्यांत ओटीवर सर्वांना बोलाविलें. सुपारी-नारळांचे मिळून घरांतून एक लाख चाळीस हजार निघत होते. धाकट्या जाऊबाई गांवच्या माध्यमिक शाळेंत शिक्षिका आहेत. त्यांनीं आपल्या पगारांतून सांठविलेले एक लाख दहा हजार कांहीं न बोलतां आणून मामंजींपुढें ठेवले. मामंजींनीं ते उचलून माझ्या हिशेबाच्या वहीवर ठेवले आणि म्हणाले, "दोन रकमा निराळ्या लिहून ठेव." मीं तशा लिहून ठेवल्या.

आतां त्या रविवाराकडे वळतें. शहरांत रविवार विश्रांतीचा असतो. आमच्याकडे शाळा-कचेऱ्यांचीं माणसें घरीं असतात म्हणून साऱ्या आठवड्याचें काम त्याच दिवशीं निघतें. पहांटे मीं गाईची धार काढली. 'हे' गड्याला घेऊन कलमांवर फवारणीस गेले. मोहोर नुकता डोकावूं लागला होता, आणि दोन दिवसांच्या ढगाळ हवेनें तुडतुड्यांचें भय उभें केलें होतें. सुपारी पाडणारा गडी आगरांत चढला होता. एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन तो दुसरीवर जातो, तेव्हां पाहणाऱ्याचा जीव खालीं टांगलेला असतो. जाऊबाई खालीं पडलेले शेंदरी घोस टोपल्यांत भरीत होत्या, आणि मुलें अंगणांत असोली सुपारी पसरून पायांनीं उलथीपालथी करीत होतीं. सुमारें चाळीस दिवसांचें ऊन खाल्ल्याशिवाय ती सोलावयाजोगी होत नाहीं. तोंवर आमच्या अंगणांत पाहुण्यालाहि कडेकडेनें यावें लागतें.

नऊ वाजतां फाटकाशीं एक मोटार येऊन थांबली. भाऊजी नोकरीनिमित्त मुंबईकडे असतात आणि शनिवारीं रात्रीं घरीं येतात. त्यांनीं तिकडच्या एका व्यापाऱ्याशीं बोलणें करून पांच हजार रुपये विसार दिला होता. त्याचा माणूस ती मोटार दाखवावयास घेऊन आला होता. काय तिचा तो रंग! आरशांत पाहावें तसें तोंड दिसावें. किंमत अडीच लाख. भाऊजींच्या मतें बाजारभावाहून चाळीस हजारांनीं कमी. मुलें सुपारी टाकून धांवलीं.

मामंजींचें वय एक्याऐंशी. मोटारीचें ज्ञान त्यांना नाहीं, परंतु बैलाचें आहे. ते काठी टेकीत आले आणि त्यांनीं नुसता तळहात मोटारीच्या नाकाडावर ठेवला. "ही तापलेली आहे. निवूं द्या," एवढें बोलून ते पुन्हां ओटीवर जाऊन बसले. आलेला माणूस घाई करूं लागला, तेव्हां त्याच्यापुढें पोहे ठेवून मामंजी म्हणाले, "अहो, लंगडा बैल विकणारा त्याला आधीं चालवून चालवून मोकळा करतो. मग गिऱ्हाइकापुढें तो दहा पावलें सरळ टाकतो. खरें पाऊल निवल्यावर दिसतें."

आम्ही आपआपल्या कामांना लागलों. अकराच्या पुढें इंजिन निवल्यावर भाऊजींनीं किल्ली फिरविली. पहिल्या खेपेस तें लागलें नाहीं. दुसऱ्या खेपेस लागलें आणि मागून निळसर धुराचा लोट निघाला. आमचा थोरला चिरंजीव तंत्रनिकेतनांत शिकतो, त्यानें मला समजावून सांगितलें तें भगिनींनींहि ध्यानांत ठेवावें. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळतें. काळा म्हणजे इंधन नीट जळत नाहीं. आणि थंडींतला क्षणभराचा पांढरा सोडून पांढरा धूर येतच राहिला, तर इंजिन निवविणारें पाणी आंत झिरपत असावें.

धुरापेक्षांहि वाईट गोष्ट पुढेंच होती. चिरंजीवानें सुरक्षेचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढला. नेहमीं बाहेर असणारा भाग स्वच्छ होता. परंतु आंत गुंडाळून राहणाऱ्या भागावर मातकट रेघ उमटलेली होती. मग त्यानें पायांखालचा गालिचा एका कोपऱ्यांत उचलला. खालीं सुकलेला बारीक गाळ, आणि आसनाचे बोल्ट गंजलेले. ती मोटार पुरांत बुडालेली होती. आमच्या जिल्ह्यांत कोणास हें सांगावयास नको. २२ जुलै २०२१ रोजीं चिपळुणांत वाशिष्ठीचें पाणी शिरलें, त्यानंतर गाळानें भरलेल्या किती मोटारी रस्त्याच्या कडेस उभ्या होत्या, तें आम्ही पाहिलें आहे. ही तिकडचीच होती असें मी म्हणत नाहीं. पूर सर्वत्र येतात. पण बुडालेल्या मोटारीचा रोग लगेच दिसत नाहीं. विजेच्या तारांचे जोड आंतून हळूहळू गंजतात, आणि मग एखाद्या पावसाळी रात्रीं, नेमकी गरज असते तेव्हां, ती जागची हालत नाहीं.

तो माणूस म्हणाला, "कोंकणांतला पाऊस, थोडें पाणी जातेंच." भाऊजीहि म्हणूं लागले, "धुऊन घेतलें कीं झालें. विसारहि दिलेला आहे." त्यांचा चेहरा मला पाहवेना. माणूस फसतो तेव्हां पैसा जाण्याचें दुःख थोडें असतें. चार माणसांत आपण फसलों हें कबूल करण्याचें दुःख फार असतें. त्या दुःखापायींच पांच हजार वांचविण्यासाठीं अडीच लाख घालविलेलीं घरें मीं पाहिलीं आहेत.

मामंजींनीं मोटार परत पाठविली आणि भाऊजींना जवळ बसवून घेतलें. म्हणाले, "१९७१ सालीं मीं एक बैल आणला. दांत पाहून आणला, खूर पाहून आणला. नांगरटीच्या तिसऱ्या दिवशीं तो चिखलांत बसला तो उठेना. मीं रडकुंडीस येऊन वडिलांकडे आलों. ते एवढेंच म्हणाले, 'आधीं त्याला पाणी दाखव.' तूंहि आधीं हातपाय धू, जेवावयास बस." वालाचें बिरडें, भात आणि सोलकढी असें साधें जेवण होतें; परंतु भाऊजी दोन घांस अधिक जेवले तेव्हां मला बरें वाटलें.

दुपारीं दुसरी मोटार पाहावयाची होती. तीन कोसांवरील गांवीं एक निवृत्त मास्तर राहतात, त्यांची मोटार विकाऊ असल्याचें शाळेंत जाऊबाईंच्या कानीं आलें होतें. मामंजी, 'हे', भाऊजी व जाऊबाई अशीं चौघें निघालीं. "हिशेब तुझ्याकडे आहे, तूंहि चल," असें मामंजी म्हणाले म्हणून मीहि निघालें.

मास्तरांची मोटार पेट्रोलवर चालणारी, लहान, २०१५ सालची. रंग उन्हानें फिका झालेला, डाव्या बाजूस खोंक. मामंजींनीं पहिला प्रश्न विचारला तो मोटारीचा नव्हताच. "मास्तर, विकतां कां?" मास्तर क्षणभर थांबले. "हिला उपचारांसाठीं चिपळुणास न्यावी लागे म्हणून घेतली होती. आतां न्यावयाचें कोणास राहिलें नाहीं. आणि माझे डोळेहि रात्रीं काम देत नाहींत." मग त्यांनीं आपण होऊन दोष सांगावयास सुरुवात केली. क्लच जड झाला आहे. खोंक स्वतःच्याच फाटकाची. टायर जुने आहेत. आणि टायरच्या कडेवरचे चार आंकडे त्यांनीं बोट ठेवून दाखविले : २७१९, म्हणजे २०१९ सालच्या सत्ताविसाव्या आठवड्यांत बनलेला. रबर न झिजतांहि म्हातारें होतें, हें मला त्या दिवशीं कळलें. दुरुस्तीच्या पावत्या तारीखवार टांचून ठेवलेल्या होत्या, आणि मोटार धांवली तो ६१,००० किलोमीटरचा आंकडा त्या पावत्यांशीं जुळत होता. नुसत्या आंकड्यावर विश्वास ठेवूं नये. तो मागें फिरविणारे कारागीर आहेत. पावत्या मागें फिरवितां येत नाहींत.

इंजिन थंडच होतें. किल्ली फिरवितांच लागलें, धूर नाहीं. जाऊबाईंनीं मोटार घाटीच्या चढावर नेली, मध्यें थांबवून पुन्हां काढली, सपाटीवर वेग देऊन ब्रेक दाबला. ती डावी-उजवीकडे न ओढतां सरळ थांबली. मामंजी मागें डोळे मिटून ऐकत बसले होते. खालीं उतरल्यावर म्हणाले, "दांत जुळलेले आहेत, पण खोड नाहीं." बैलाचे आठहि दांत जुळले म्हणजे तो पोक्त झाला, वय लपत नाहीं, पण काम करतो. मास्तरांनीं दोन लाख पस्तीस हजार सांगितले. टायर आणि क्लच यांचे वीस हजार वजा होऊन दोन लाख पंधरा हजारांवर सौदा ठरला. घासाघीस तेवढीच. सरळ माणसाशीं अधिक घासाघीस करणें हा व्यवहार नव्हे, असें मामंजींचें मत आहे.

मग मास्तरांनीं कागद काढले आणि चष्मा लावला. हस्तांतराचा एकोणतिसावा नमुना त्यांनीं पुढें ओढला. भाऊजी म्हणाले, "आपण नुसती सही करा, नांव वगैरे आम्ही नंतर भरूं." मास्तर शिक्षकी आवाजांत म्हणाले, "कोऱ्या कागदावर मी सही करीत नाहीं. सरकारी नोंदींत ज्याचें नांव, तोच मालक, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट केलें आहे. उद्यां या मोटारीनें अपघात झाला आणि नोंदींत नांव माझेंच राहिलें, तर जबाब मला द्यावा लागेल. घेणाऱ्याचें नांव सांगा, मी माझ्या हातानें लिहितों."

मामंजींनीं स्वाभाविकपणें थोरल्या मुलाचें, म्हणजे 'यांचें' नांव सांगितलें. आमच्या घरांत सातबारापासून विजेच्या बिलापर्यंत सर्व कांहीं याच क्रमानें चालत आलें आहे; त्यांत कोणाचा दुष्ट हेतु नाहीं. मास्तरांनीं लेखणी टेंकविली, आणि सहज विचारलें, "चालवितात वाटतें हे?"

'यांना' मोटार चालवितां येत नाहीं. भाऊजी आठवड्यांतले सहा दिवस बाहेर. घरीं असणाऱ्यांत परवाना आहे तो एकट्या जाऊबाईंना. त्या भिंतीवरील दिनदर्शिकेकडे पाहत होत्या. त्या कधींच बोलल्या नसत्या. माझ्या वहींतल्या दोन निराळ्या रकमा माझ्या डोळ्यांपुढें आल्या, आणि पावसांतला तो सव्वा तास. बावीस वर्षांत मामंजींच्या शब्दापुढें परक्यांदेखत मीं शब्द काढला नव्हता. मी म्हणालें, "मामंजी, रात्रीं दोन वाजतां ही मोटार बाहेर कोण काढणार?"

कोणी बोलेना. 'यांनीं' माझ्याकडे पाहिलें. तें पाहणें रागाचें होतें कीं आश्चर्याचें, हें मला अजूनहि सांगतां येत नाहीं. खरें पाहतां चालविणाऱ्याचेंच नांव मालक म्हणून असावें, अशी कायद्याची अट नाहीं. एकाच्या नांवाची मोटार दुसऱ्या परवानाधारकानें त्याच्या संमतीनें चालविली तर चालते. प्रश्न कायद्याचा नव्हताच. पैसा घातला, भार उचलावयाचा, मध्यरात्रीं उठावयाचें, आणि नांवाची वेळ आली कीं दिनदर्शिकेकडे पाहावयाचें, हें आपल्या किती सुशिक्षित घरांत चालतें, एवढाच तो प्रश्न होता.

मामंजींनीं जाऊबाईंना विचारलें, "मोटारीचें कांहीं बरेंवाईट झालें तर पहिला जबाब तुला विचारतील. ओझें वाटेल का?"

"विचारूं देत," त्या हळू पण स्पष्ट म्हणाल्या, "मी देईन."

मामंजी मास्तरांकडे वळले. "खोडा. नवा कागद घ्या. धाकट्या सूनबाईंचें नांव लिहा."

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. नोंदणीच्या पुस्तकांतील इंजिन व सांगाडा यांचे क्रमांक मोटारीवरील क्रमांकांशीं स्वतः ताडून पाहावे. विकणारा कितवा मालक आहे, मोटारीवर दंड थकला आहे काय, हें परिवहन खात्याच्या नोंदींत पाहतां येतें. मोटार कर्जानें घेतलेली असेल तर कर्ज फिटल्याचा पतपेढीचा दाखला व पस्तिसावा नमुना घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊं नयेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें, एकाच राज्यांतील व्यवहार असेल तर विकणाऱ्यानें चौदा दिवसांत व घेणाऱ्यानें तीस दिवसांत हस्तांतर कळवावयाचें असतें. त्यासाठीं एकोणतिसावा व तिसावा हे नमुने. विम्यासाठींहि घेणाऱ्यानें चौदा दिवसांत अर्ज करावा. हें पुष्कळजण विसरतात, आणि स्वतःच्या मोटारीची नुकसानभरपाई मागावयाची वेळ आली कीं कपाळाला हात लावतात. विकणाऱ्यास विम्यांत मिळणारी सूट त्याची स्वतःची असते, ती मोटारीबरोबर येत नाहीं. खाजगी मोटारीची नोंदणी प्रथम पंधरा वर्षांची. म्हणजे आमचीस २०३० पर्यंत अवकाश आहे. आणि सर्वांत आधीं, विकतां कां, हें विचारावें. उत्तर देतांना माणूस कोठें पाहतो, तेंहि पाहावें.

पुढल्या शनिवारीं मोटार घरीं यावयाची होती. त्या आठवड्यांत 'हे' माझ्याशीं फारसें बोलले नाहींत, आणि मींहि तें बोलणें ओढून काढलें नाहीं. मोटार ठेवावयाची कोठें, हा प्रश्न होताच. अंगण सुपारीनें भरलेलें. सुपारी हलविणें शक्य नव्हतें. शुक्रवारीं संध्याकाळीं मी धार काढावयास गोठ्यांत गेलें, तों पलीकडच्या रिकाम्या दावणींतून खणण्याचा आवाज आला. यांत्रिक नांगर आल्यापासून बैलांची ती जागा ओसच पडलेली आहे. 'हे' एकटेच तेथील जुने खुंट उपटीत होते. अंग घामानें भिजलेलें, आणि बैलांच्या दोन जुन्या घुंगुरमाळा खुंटीवर नीट अडकवून ठेवलेल्या.

मला पाहून ते कांहीं बोलले नाहींत. थोड्या वेळानें जाऊबाई वैरण घेऊन आल्या, तेव्हां दोन्ही हात पसरून त्यांनीं भिंतीपर्यंतचें अंतर दाखविलें आणि विचारलें, "तुझ्या मोटारीला एवढी जागा पुरेल ना?"

जाऊबाईंनीं पावलें टाकून जागा मोजली. "आणखी एक खुंट काढावा लागेल," त्या म्हणाल्या. 'यांनीं' पहार पुन्हां हातांत घेतली.